लघिमानंदांचा थेंब

मारेगावच्या मंगल कार्यालयात त्या रविवारी एवढ्या बाया जमल्या होत्या, की चपलांचा ढीग पार रस्त्यापर्यंत आला होता. प्रत्येकीच्या हातात डबा आणि डब्यात घरचं गार वरण. मंचावर लघिमानंद महाराज. अंगावर पांढरीशुभ्र शाल, हातात काचेची इवलीशी बाटली आणि बाटलीत तपकिरी पाणी. त्याला म्हणायचं 'तेजजल'.

एकेक बाई पुढे यायची, डबा उघडायची. महाराज डोळे मिटून ओठ हलवायचे आणि तेजजलाचे दोन थेंब टाकायचे. पिवळंधमक वरण बघता बघता निळंकाळं पडायचं.

"पाहिलंत, माउली? हे तुमच्या घरचं जडविष. हेच कमरेवर बसतं, हेच पोटावर बसतं."

मग तेच थेंब त्यांच्या लघिमा चूर्णावर. चूर्ण काही काळं पडायचं नाही. नुसता पिवळसर डाग. बाया हात जोडायच्या.

वरण सोडलं तर ताकद कुठून येणार, असं कुणी विचारलं तर महाराजांचं उत्तर तयार. गाय वरण खाते का? हत्ती वरण खातो का? मग त्यांना ताकद कोण देतं? सगळ्या माना डोलायच्या. गाय दिवसभर चरते, उरलेला वेळ रवंथ करते आणि आपल्याला ते जमत नाही, एवढी साधी गोष्ट त्या हॉलमध्ये कुणाला सुचत नव्हती. घरोघरी स्वतःच्या शेतातली तूर पिंपं भरून पडलेली, आणि त्याच बाया विंचवाला भ्यावं तशा डाळीला भीत होत्या. सोयाबीन तर काय, ते विकायचं पीक. ते आपणही खाऊ शकतो, हे कुणाच्या मनातही यायचं नाही.

सगळ्यात मागच्या भिंतीला टेकून अपेक्षा उभी होती. नववीतली. चार रांगा पुढे तिची आई, छाया. अपेक्षा आईच्या वेणीकडे बघत होती. दीड महिन्यात ती वेणी करंगळीएवढी उरली होती.

डॉक्टरांनी आईला वजन कमी करायला सांगितलं होतं, ते खरंच होतं. साखर वाढायला लागली होती. पण पुढचं काही ऐकायच्या आधीच शेजारच्या विमलताई आईला इथे घेऊन आल्या. तेव्हापासून आई सकाळ-संध्याकाळ चूर्ण पाण्यात ढवळून प्यायची आणि खाटेवर पडून राहायची. बाबा ट्रक घेऊन पंधरा-पंधरा दिवस बाहेर. म्हणजे ताटावर अपेक्षा एकटी. आधी दोघी एका ताटात जेवायच्या, आई शाळेतल्या गोष्टी खोदून खोदून विचारायची. आता कुकरच्या शिट्टीशिवाय घरात कुणी बोलत नव्हतं. गेल्या मंगळवारी कापूस वेचता वेचता आई चक्कर येऊन ओळीतच पडली. विमलताई म्हणाल्या, विष निघून राह्यलं.

आणि आज महाराज चाळीस दिवसांचं निरन्न व्रत देणार होते. फक्त चूर्ण आणि पाणी. आईने नाव दिलं होतं.

शुक्रवारी विज्ञानाच्या तासाला शमसुन्निसा मॅडमनी शिजलेल्या भातावर आयोडीन टाकलं होतं आणि भात निळाकाळा पडला होता. सगळ्या मुलींनी वहीत लिहून घेतलं: पिष्ट. अपेक्षाचा पेन मात्र हवेतच राहिला. हा रंग तिने आधी आईच्या डब्यातल्या वरणावर पाहिला होता. तास संपल्यावर तिने मॅडमना सगळं सांगितलं. मॅडमनी तिला आणखी एक परीक्षा शिकवली, प्रथिनांची. तीन छोट्या बाटल्या आणि दोन परीक्षानळ्या दिल्या, कॉस्टिक सोडा हाताला लागू देऊ नको म्हणून दोनदा बजावलं. तुम्हीच चला ना, असं अपेक्षा म्हणाली तेव्हा त्यांनी बाटल्यांची बुचं पुन्हा घट्ट केली.

"मी आले तर गोष्ट डाळीची राहणार नाही, बेटा. तुलाच जावं लागेल."

वर्गातल्या तीन मुलींनी सोबत यायचं कबूल केलं होतं. तिघींच्याही आया इथेच बसल्या होत्या. तिघीही आल्या नव्हत्या.

महाराजांनी व्रतासाठी पहिलं नाव पुकारलं, तशी अपेक्षा निघाली. इतक्या बायांमधून मंचापर्यंतची वाट फार लांब असते, आणि प्रत्येक डोकं वळून बघतं. तिचा आवाज कसा कोण जाणे खणखणीत निघाला.

"महाराज, तुमच्या ताटातल्या अक्षतांवर थेंब टाकता का?"

महाराज हसले. देवाच्या वस्तूची परीक्षा घेत नाहीत, बाळ. अपेक्षाने वाद घातला नाही. ताटातल्या चिमूटभर अक्षता तळहातावर घेतल्या, दप्तरातली बाटली काढली आणि थेंब टाकले. सगळ्यांना दिसेल असा हात वर धरला. कुंकू लावलेले तांदूळ हळूहळू काळे पडले.

मागच्या रांगांतल्या बाया उठून बघू लागल्या.

"शंकेखोराच्या हातून काळंच होणार," महाराज म्हणाले.

हे मॅडमनी आधीच सांगून ठेवलं होतं. अपेक्षाने ताटातल्या आणखी चिमूटभर अक्षता घेतल्या आणि बाटली पहिल्या रांगेतल्या विमलताईंपुढे धरली. "काकू, तुमची श्रद्धा हाये ना? मंग तुम्ही टाका."

विमलताईंनी महाराजांकडे पाहिलं, अपेक्षाकडे पाहिलं आणि थेंब टाकले. अक्षता काळ्याच झाल्या.

मग अपेक्षा भराभर बोलत सुटली. हे आयोडीन आहे, आणि तेजजलही हेच. तांदूळ, गहू, डाळ, ज्यात म्हणून पिष्ट असतं ते याने निळंकाळं पडतं. त्यात विष नाही आणि पापही नाही. चूर्ण काळं पडत नाही कारण त्यात पिष्टच नाही, नुसती गोड भुकटी आहे. एका नळीत तिने घरून आणलेलं, भिजवून वाटलेल्या तूरडाळीचं पाणी घेतलं, दुसरीत चूर्णाचं. दोन्हींत कॉस्टिक सोडा, मग मोरचुदाच्या पाण्याचे दोन थेंब. डाळीचं पाणी जांभळं झालं, चूर्णाचं निळंच राहिलं. जांभळं म्हणजे प्रथिनं. वजन उतरलं ते उपाशी राहिल्याने, आणि चरबीबरोबर दंडामांड्यांचं मांसही झडलं. म्हणून चक्कर येते, म्हणून केस गळतात.

कुणी टाळी वाजवली नाही. महाराजांची गाडी मागच्या दाराने कधी गेली ते कळलं नाही. बायांनी डबे उचलले आणि एकमेकींकडे न बघता त्या निघाल्या. जाता जाता एकीने म्हटलंच, "लय शहाणी झाली पोट्टी." आई पदर डोक्यावर ओढून पुढे निघून गेली. अपेक्षाला वाटलं होतं, आई थांबेल. ती नळ्या धुवून, फडक्यात गुंडाळून, एकटीच घरी आली.

आई तीन दिवस बोलली नाही. शाळेत अपेक्षाच्या बाकावर कुणी बसलं नाही. खरं बोलल्यावर माणूस हलका होतो म्हणतात. तिला तर उलट जड वाटत होतं. पण आईने चूर्ण घेतलं नाही, हे तिने पाहिलं. बुधवारी आई एकटीच दवाखान्यात जाऊन आली, हेही तिला दुसऱ्यांकडून कळलं.

त्याच संध्याकाळी अपेक्षा अभ्यास करत असताना आई येऊन बाजूला बसली. हातात चिरलेला बटाटा.

"दे तं ते बाटली."

आईने स्वतः थेंब टाकला. बटाटा काळा झाला. आईने तो उलटसुलट करून पाहिला.

"मी कशी फसली गं?" ती हळूच म्हणाली. "डॉक्टर म्हणे, भात-साखर कमी कर अन् डाळ वाढव. चणे खा, ताक पी, सोयाबीन खा, रोज चाल. एवढंच. फुकटातलं हाये म्हणून आपल्याले पटत नाही का?"

तेच तर आहे. चमत्कार मागणाऱ्याला चमत्कार विकणारा भेटतोच. कुणी तुमच्या ताटातलं अन्न काळं करून दाखवलं तर घाबरू नका. थेंब आपल्या हातात मागा, त्याच्याच ताटात टाका, आणि डॉक्टरांचं बोलणं पूर्ण ऐकून घ्या.

आईने मातीच्या भांड्यातलं दही चमच्याने बशीत काढलं. "अन् ह्याच्यावर टाकलं तं काय होईन?"

अपेक्षाला उत्तर येत होतं. तिने सांगितलं नाही. आईच्या आणखी जवळ सरकून बसली आणि म्हणाली, "टाकून पाह्य."