तीन ओळींत यल्लाप्पा

जतच्या स्टँडवर उतरेपर्यंत इलियास मुलाण्यांचे दोन्ही गुडघे धरले होते. सांगलीहून निघालेली एस.टी. वाटेत दोनदा बंद पडली होती आणि बेळीहाळ गाव अजून सात मैल पुढं होतं. निवृत्तीला अकरा महिने राहिलेल्या माणसाला असल्या कामाला धाडतात का, असं त्यांनी हेडक्लार्कना विचारूनही पाहिलं होतं. हेडक्लार्क हसले होते. "मुलाणी, पत्र इंग्रजी आहे, परदेशातलं आहे, आणि साहेबांनी त्यावर 'तातडीचे' असा शेरा मारलाय. तुमच्याशिवाय कुणाला पाठवू?" चौतीस वर्षं कचेरीत हेच चाललं होतं. तुमच्याशिवाय कोण, असं म्हटलं की मुलाणी उठत.

पत्र त्यांनी बसमध्ये चारदा वाचलं होतं. एका म्हाताऱ्या गोऱ्या खगोलशास्त्रज्ञाचं ते पत्र. दक्षिणेतल्या एका डोंगरावरच्या वेधशाळेत त्यानं पूर्वी दोन वर्षं काढली होती. रात्र रात्र जागून आकाशाचे फोटो घ्यायचे, काचेच्या पट्ट्यांवर. ताऱ्याचा काचेवर ठिपका उमटतो. पण मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या जागेत हजारो लहानमोठे खडक सूर्याभोवती फिरत असतात. त्यातला एखादा काचेवर सापडला, तर तो सरकत असल्यामुळं ठिपक्याऐवजी बारीकशी रेघ उठते. अशी एक रेघ साहेबाच्या नजरेतून सुटली होती. ती दाखवली दुर्बीण ढकलायला-फिरवायला ठेवलेल्या गड्यानं, तिथल्या भाषेत खलाशानं. त्याचं नाव यल्लाप्पा.

पुढं दहा वर्षं देशोदेशीच्या लोकांनी त्या खडकाचा माग काढला. त्याची वाट पक्की ठरली, तेव्हा कुठं त्याला कायमचा क्रमांक मिळाला. क्रमांक मिळाला की नाव सुचवायचा मान शोधणाऱ्याचा, अशी रीत. सुरुवातीला लोकांनी देवींची नावं दिली. देवी संपल्यावर कुणी बायकोचं दिलं, कुणी लेकीचं, कुणी आपल्या गावाचं, कुणी दुर्बिणीला पैसे देणाऱ्या शेठजीचं. 'मला यल्लाप्पाचं द्यायचं आहे,' साहेबानं लिहिलं होतं. नावाबरोबर तीन ओळी छापायच्या होत्या, हा माणूस कोण आणि कुठला एवढ्यापुरत्या. यल्लाप्पा दोन वर्षांमागं वारला. वेधशाळेच्या कागदांत फक्त गाव-तालुका आहे, आणि पुढं 'अविवाहित'. भाऊबंद कुणी असतील तर त्यांची संमती घेऊन कळवावं.

फाट्यापर्यंत एका बैलगाडीनं आणलं. उरलेली वाट मुलाणी चालत गेले. एप्रिलचं ऊन मी म्हणत होतं. ज्वारीची धसकटंसुद्धा मेंढरांनी राखली नव्हती. बांधावर घोंगडं डोक्यावर घेऊन बसलेल्या मेंढक्याला त्यांनी विचारलं, "यल्लाप्पाच्या भावाचं घर कुठलं हो?"

"भाऊ कुठला त्याला? बायकू हाय की. चंद्राबाई. त्ये बगा, लिंबाखालचं घर."

"बायको?"

"व्हय. वाट बगतीया अजून."

मुलाणी क्षणभर तिथंच थांबले. परत फिरावं, असा विचार त्यांच्या मनात आला नाही असं नाही.

चंद्राबाई अंगणात शेणानं सारवत होती. पंचेचाळिशीची, वाळून काटकी झालेली बाई. कपाळावर रुपयाएवढं कुंकू, हातात हिरव्या बांगड्या. मुलाण्यांची टोपी आणि पिशवी बघून ती उठली.

"कुठनं आलासा?"

"सांगलीहून. कचेरीतून."

"पान्याचं काय झालं?"

"पाण्याचं नाही बाई. यल्लाप्पांचं काम आहे."

तिनं शेणाचे हात बाजूला धरले आणि एकच शब्द विचारला. "घावला?"

चौतीस वर्षांत मुलाण्यांनी जप्तीच्या नोटिसा वाचून दाखवल्या होत्या, बेदखलीचे हुकूम वाचून दाखवले होते. पण या एका शब्दापुढं त्यांनी नुसतं पिशवीतून पत्र बाहेर काढलं. ते म्हणाले, "पत्र आलंय."

"त्यांचं?"

"त्यांच्याबद्दलचं."

"मग वाचा की."

ती उभीच राहिली. मुलाणी दगडावर बसले आणि इंग्रजी ओळींचं मराठी करत गेले. दुर्बीण, काच, रेघ. मधेच एका दमात त्यांनी सांगून टाकलं, "दोन वर्षांपूर्वी ते वारले." आणि मान वर न करता ते थांबले.

"पुढं?" चंद्राबाई म्हणाली.

पुढं 'अविवाहित' असं होतं. मुलाण्यांनी ते गाळलं. "पुढं काही नाही. गावाचं नाव आहे. घरच्यांची परवानगी मागितलीय."

तेवढ्यात वेशीकडून हॉर्न वाजला. गावातून बाया धावत सुटल्या. चंद्राबाईनं हात झटकन मातीत पुसले आणि दोन घागरी उचलल्या. "बसा. आज टँकर गेला, की फुडं चार दिस न्हाई."

मुलाणी लिंबाखालून बघत राहिले. ती गर्दीत घुसली, नंबरावरून एकीशी भांडली, पाईप ओढून घेतला, दोन्ही घागरी भरल्या. कपाळावरचं कुंकू घामानं ओघळलं होतं. ही बाई विधवा झाली आहे हे त्या गर्दीत तिच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. डोक्यावर एक आणि कमरेवर एक घागर घेऊन ती आली. घागरी उतरवल्या, त्यांवर फडकं झाकलं. मग ओंजळभर पाणी घेऊन तिनं पदराच्या शेवानं कपाळ पुसलं. मुलाण्यांनी तोंड फिरवलं.

"बावीस वरसं रोज लावलं," ती म्हणाली. "त्यातली दोन फुकट गेली."

ती रडली नाही. मुलाण्यांना तांब्या भरून पाणी दिलं आणि समोर टेकली. तो पलटणीच्या कामाला म्हणून गेला, तेव्हा लेक पोटात होती. वर्षानं एक कार्ड आलं होतं. त्यानंतर काही नाही. लेक शालू मोठी झाली, फलटणकडं दिली. हे सगळं ती दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं सांगत होती.

"त्यो दगड हितनं दिसतो?"

"नाही. डोळ्यांना दिसत नाही. मोठी दुर्बीण लागते."

"मंजी त्येंच्यासारकाच. हाय म्हनायचं, दिसायचं न्हाई." थोड्या वेळानं तिनं विचारलं, "तिथं मानसं ऱ्हात्यात?"

"माणसं नाहीत, पाणी नाही, वारंही नाही."

"मग द्या त्येंचं नाव. आमचं काय जातंय?"

संमतीच्या कागदावर तिनं अंगठा उठवला.

सांगलीला येऊन मुलाण्यांनी उत्तर टाईप केलं. नाव, गाव, तालुका झाले. 'अविवाहित' या शब्दापाशी त्यांची बोटं थांबली. ही चूक दुरुस्त करा, असं कुणी सांगितलं नव्हतं. पण त्यांच्या डोळ्यांपुढून ते पुसलेलं कपाळ जाईना. त्यांनी लिहिलं: 'वेधशाळेची नोंद चुकीची आहे. त्यांच्या पत्नी चंद्राबाई हयात असून बेळीहाळ येथे राहतात. त्यांचा उल्लेख व्हावा.' हेडक्लार्कनी न वाचता पुढं सहीला पाठवलं. त्या दिवशी कचेरीतून घरी जाताना मुलाण्यांना बऱ्याच वर्षांनी आपण काहीतरी धड केलं असं वाटलं.

उत्तर यायला चौदा महिने लागले. मुलाणी तोवर घरी बसले होते. कचेरीच्या शिपायानं लिफाफा आणून दिला. आत छापील कागद होता. लघुग्रहाचा क्रमांक, यल्लाप्पाचं नाव, आणि तीन ओळी. तिसरी ओळ अशी होती: 'त्याची पत्नी चंद्राबाई पश्चिम भारतातील त्याच्या गावी राहते.' त्यांची बायको अख्तरबी म्हणाली, "पोस्टानं धाडा की. त्या गुडघ्यांनी कुठं निघालात?" पण मुलाण्यांना ते पोस्टावर सोडवेना.

यंदा बेळीहाळात थोडा पाऊस झाला होता. चंद्राबाई पेरणीसाठी भुईमुगाच्या शेंगा सोलत बसली होती. कपाळ मोकळं, मनगटं मोकळी. वर्षात दहा वर्षांनी म्हातारी झाल्यासारखी दिसत होती. मुलाण्यांनी कागद उलगडला आणि तीनही ओळी वाचल्या. शेवटची जरा ठासून वाचली.

शेंगा सोलणारा हात थांबला. "माजं नाव हाय त्यात?"

"हो. मी कळवलं होतं."

"मला न इचारता?"

मुलाण्यांनी कागद मांडीवर ठेवला.

"सायेब," ती शांतपणं म्हणाली, "बावीस वरसं मी त्येंच्या नावानं बसले. कपाळ पुसलं, तवा म्हनलं, सुटले. आता तुमी मला वर न्हेऊन परत त्येंच्याच दावणीला बांदलंसा. जल्मभर फिरत ऱ्हायचं व्हय त्या दगडासंगं?"

असं काही आपल्या मनातही आलं नाही, याची मुलाण्यांना लाज वाटली. ते पुटपुटले, "मी लिहितो त्यांना. काढून टाका म्हणून लिहितो. पुढच्या छपाईत निघेल."

"पर तुमी घाटलं कशापायी?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. "त्यांनी वेधशाळेत लिहून दिलं होतं, लग्न झालं नाही म्हणून. मी मागच्या खेपेला वाचलं नाही तुमच्यापुढं."

सुपातली एक शेंग चंद्राबाईनं उचलली, सोलली, दाणे टाकले. दुसरी उचलली.

"लगीन झालं न्हाई म्हनले?"

"हो."

"शालूच्या येळंला मरता मरता वाचले मी." तिनं सूप बाजूला सारलं. "मग ऱ्हाऊ दे नाव. काढू नगा."

"नक्की?"

"व्हय. जगाला कळू दे बायकू व्हती म्हनून. माजं काय, मी त्या छापल्याल्या कागदात थोडीच ऱ्हाते." तिनं कागद घेतला नाही. म्हणाली, "शालूला धाडा. तिला वाचाय येतंय. बाप कोन व्हता म्हनून लई इचारायची बारीक आसताना."

मुलाण्यांनी शालूचा फलटणचा पत्ता लिहून घेतला. चंद्राबाईनं चुलीवर बिनदुधाचा चहा टाकला आणि गूळ शोधू लागली. आत डबे वाजत होते. मुलाणी भिंतीला पाठ लावून, पाय लांब करून बसले. गुडघ्यांत कळ उठत होती, परतीची बस पाचला होती आणि फाटा दोन मैलांवर होता. कागदाची घडी घालून त्यांनी खिशात ठेवली, आणि चहा येईपर्यंत डोळे मिटले.