तिसऱ्या पुकाऱ्याच्या आत

"समन्स घेतलंच नाही, त केस चालनच कशी?" आमचे हे, भैयाजी, गल्लीभर ऐट मारत होते. कोर्टाचा बेलीफ माझ्या नावाचा कागद घेऊन नंदनवनच्या माझ्या शिलाईच्या दुकानात आला, तवा मी बाजारात गेली होती. यांनी त्याले दारातूनच पिटाळलं. तो दारावर कागद चिकटवून गेला, त यांनी तोही खरवडून काढला. अन् गल्लीले सांगितलं, मले मात्र नाही!

आज सकाळी शेजारची रितिका ब्लाऊज न्यायले आली. पोरगी वकिली शिकून राहिली. मशीनखालचा चुरगळलेला कागद तिनं उचलला अन् ओरडलीच, "काकू, घरमालकानं दुकान खाली करायचा दावा लावला! तारीख आजचीच आहे!"

"पण आमी त घेतलंच नाही वं," हे म्हणाले.

"नाकारलं म्हणजे मिळालं असंच धरतात. तुम्ही नाही गेल्या त दावा एकतर्फी चालन. फक्त त्याचंच ऐकतील."

अगं बाप्पा! एकोणीस वर्षांचं दुकान माझं, अन् माझ्याच तोंडाले कुलूप? मी यांच्याकडे असं पाहिलं का हे चष्मा पुसत बसले.

रितिकाच्या स्कूटीवर निघालो. सीताबर्डीच्या सिग्नलवर ती शिकवत होती अन् मी घोकत होती. वादी म्हणजे दावा लावणारा. प्रतिवादी म्हणजे मी. कैफियत म्हणजे माझं लेखी उत्तर. बाजूचा ऑटोवाला पाहतच राहिला.

कोर्टाच्या जिन्यावरच पुकारा ऐकू आला. "प्रतिवादी देवकी बारापात्रे!"

"तीनदा पुकारतात काकू, पळा!"

दुसऱ्या पुकाऱ्याले माझी चप्पल निसटली. राहू दिली तिथंच. तिसऱ्याले मी दारातूनच ओरडली, "हजर आहे!"

सारे हसले. न्यायाधीश बाईंनी विचारलं, "वकील?"

"अजून नाही, मॅडम. पण एकतर्फी करू नका. मले कैफियत द्यायची आहे, मुदत द्या."

"तीस दिवस," बाई म्हणाल्या. मले त नाचावंसं वाटलं!

बाहेर हे उभे. ऑटोनं मागंमागं आले होते, हातात माझी चप्पल.

"जिंकलो का वं?"

"नाही जी. आता कुठं बोलायले भेटलं."

"मंग कैफियतीत काय लिहायचं, ते मी सांगतो ना..."

"थांबा. पुकारा कोणाच्या नावाचा झाला?"

यांनी गुपचूप चप्पल माझ्या पायाशी ठेवली. "तुह्या."

"मंग मी सांगते. तुमचं अक्षर चांगलं आहे, तुमी लिहा."