आगाशीचा रकाना

वेलाभगतच्या पोळमध्ये, त्या चिंचोळ्या गल्लीच्या वस्तीत, सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी नळाला पाणी येते आणि सातला जाते. त्या पन्नास मिनिटांत काय काय उरकायचे, याचा क्रम मौलिका पांचोलीच्या अंगवळणी पडला होता. आधी पिण्याचे पिंप, मग न्हाणीतली टाकी, मग मोटर लावून वरची टाकी. ती भरेपर्यंत चहा, आणि चहाला उकळी येईपर्यंत चार फोनांची तपासणी. हे चारही फोन मोबाइल कंपनीचे होते. एकेकाची बॅटरी पाहून ती ते पाठीवरच्या पिशवीतल्या चार कप्प्यांत उभे करी, पिशवीचे बंद ओढून घेई आणि साडेसातच्या सुमारास ओट्याच्या तीन पायऱ्या उतरे. चबुतऱ्यावर तोवर ज्वारीचे दाणे पडलेले असत आणि कबुतरांची पंगत बसलेली असे.

तिचे काम चालण्याचे होते. अहमदाबादच्या जुन्या शहरातल्या गल्ल्यांमधून एकाच संथ गतीने चालत राहायचे. पिशवीतले फोन सिग्नलचे आपापले मोजमाप करीत आणि दर पंचवीस पावलांना नकाशावर एक ठिपका उमटे. हिरवा म्हणजे उत्तम, पिवळा म्हणजे चालेल, तांबडा म्हणजे लोकांच्या शिव्या.

नोव्हेंबरापर्यंत तिची स्वतःची पोळ तांबडी होती. घरांच्या दोन रांगा एकमेकींना इतक्या खेटून, की समोरच्या खिडकीत वाटी देता येई. पण फोनवर दोन वाक्ये बोलायची तर चबुतऱ्यापाशी येऊन उभे राहावे लागे. त्यामुळे कोणाच्या मुलीला कुठल्या गावचे स्थळ आले हे कबुतरांनाही ठाऊक असे. डिसेंबरात पोळच्या तोंडाशी असलेल्या होजियरीच्या गोदामावर नवा अँटिना बसला आणि सगळे पालटले. मौलिकाने गल्ली तीनदा चालून पाहिली. चारशे बारा एमबीपीएसचा वेग! पोळने तिच्या घरी मोहनथाळ पाठवला आणि एकोणीस तारखेला तिने कामपूर्तीच्या अर्जावर सही करून तो बंद केला.

जानेवारीतल्या त्या गुरुवारी मात्र ती ओट्यावरून उतरली आणि थबकली. समोरच्या ओट्यावर जसवंतकाका बसले होते. शेजारी चाळीस पतंगांचा गठ्ठा होता आणि एकाही पतंगाला कन्नी बांधलेली नव्हती. संक्रांतीचे उत्तरायण सहा दिवसांवर आले होते. गिरणीत सुताचा ताणा लावण्यात उमेदीची वर्षे घातलेला हा माणूस. एरवी आठ तारखेपर्यंत त्यांचे सगळे पतंग तयार होऊन भिंतीला टेकलेले असत.

“काका, अजून कन्न्या नाहीत?”

“कशाला बांधू? फिरकी धरायला कोण आहे?”

“मी एवढी धडधाकट उभी आहे ती दिसत नाही,” आतून हंसाकाकींचा आवाज आला.

“तू फिरकी धरतेस आणि मधेच उंधियू ढवळायला पळतेस. तीन वर्षांपूर्वी रमणीक घटकाभर खाली गेला तेव्हाचा तो जांभळा पतंग मी अजून विसरलेलो नाही.”

“मग करपलेला उंधियू खायचा होतात!”

काकांची फिरकी त्रेचाळीस उत्तरायणे रमणीककाकांनी धरली होती. शेजारचे घर त्यांचेच. वारा कुठे वळणार हे त्यांना कानाच्या पाळीवर कळे, आणि ढील द्यायची की खेचायचे हे ते ठरवत. काका फक्त उडवत. गेल्या श्रावणात मुलाने त्यांना कॅनडात, ब्रॅम्प्टनला नेले. ‘मी फोनवरून बघून सांगेन, जशा, तू उडव,’ असे निघताना सांगून ते गेले. आणि दिवाळीत, काकांचे उतरलेले तोंड पाहवेना म्हणून, मौलिकाने शब्द दिला होता: “नवी यंत्रणा बसू द्या, काका. रमणीककाका तुमच्या शेजारी उभे असल्यासारखे दिसतील. नाही दिसले तर मला नावं ठेवा.” काकांनीही सांगून टाकले होते: तो दिसला तर आगाशीवर चढेन, नाहीतर या वर्षी खाली बसून शेंगा खाईन.

“आता लावून बघू या का?” मौलिका म्हणाली. “त्यांच्याकडे रात्रीचे नऊ वाजले असतील. जागे असतील.”

ओट्यावर रमणीककाका फोनच्या पडद्यावर एका झटक्यात आले. घरात बसूनही डोक्याला माकडटोपी. गालावरचा तीळसुद्धा स्पष्ट दिसत होता.

“जशा, थंडी किती?”

“स्वेटर पुरतो. तुझ्याकडे?”

“उणे चौदा. पतंग सोडला तर बर्फाची लादी होऊन सुनेच्या गाडीवर पडेल. वर चल की! वारा दाखव मला.”

काका फोन पुढे धरून जिना चढू लागले, मागे मौलिका, तिच्यामागे पदर खोचून काकी. पहिल्या मजल्यावर रमणीककाका बोलत होते. दुसऱ्या मजल्यावर त्यांचे शब्द तुटू लागले. शिडी चढून तिघे गच्चीवर, म्हणजे काकांच्या आगाशीवर आले, तेव्हा पडद्यावर त्यांचे तोंड उघडे राहिले होते ते उघडेच राहिले.

“थकला बघ चढून,” काका म्हणाले. “पूर्वीही दुसऱ्या मजल्यावर बसायचा.”

“आणि तोंड काय आजच उघडं आहे? चाळीस वर्षं तसंच आहे,” काकींनी जोडले.

मौलिका हसली, पण काका पुन्हा पुन्हा बटण दाबत राहिले. गोल चक्र फिरत राहिले. शेवटी त्यांनी फोन खिशात टाकला आणि मऊपणे म्हणाले, “असू दे, बेटा. आम्ही खाली बोलत जाऊ.”

त्यांनी नावे ठेवली असती तर तिला सोसले असते.

तिने पिशवीतले चारही फोन काढून कठड्यावर मांडले. दोन, एक, एक, शून्य. गोदामावरचा अँटिना इथून हाताच्या अंतरावर असल्यासारखा दिसत होता; पांढरा, निमुळता, मान खाली घातलेला. ती मान तिनेच घालायला लावली होती. पोळ म्हणजे विहिरीसारखी खोल. लहरी तळाशी पोचवायच्या तर अँटिनाने खालीच पाहायला हवे, असा हिशेब करून तिने सात अंशांचा कोन सुचवला होता. हिशेब बरोबर होता. गल्ली उजळली आणि आगाशा अंधारात राहिल्या. वर दूरदूरच्या मनोऱ्यांचा गलबला तेवढा येत होता आणि त्यात स्वतःच्या पोळचा आवाज बुडून जात होता.

ती ओळीने सहा आगाशा ओलांडत गेली. सगळीकडे तेच. कपडे वाळत घालणाऱ्या बायकांनी तिची चौकशी केली आणि उत्तर ऐकून कोणीही तिची गय केली नाही.

“चौदा तारखेला खाली कोण असतं गं? कुत्री!”

“कुत्र्यांना चारशेचा वेग देऊन ठेवलाय हिने.”

“पोळची मुलगी आणि आगाशी विसरली! हिच्या सासरी कळवा रे कोणीतरी.”

“सासर तरी कुठे आहे तिला, मासी?”

“असेल ना पुढे, तेव्हा कळवा!”

मौलिकाला हसूही आले आणि कानही तापले. बाहेरगावच्या माणसाने ही चूक केली असती तर समजण्यासारखे होते. तिचे बारसे या ओळीतल्याच एका आगाशीवर झाले होते. वर्षातले दोन दिवस सगळे शहर वर राहायला जाते, पाहुणे भाड्याने आगाशा घेतात, जेवण वर, भांडणे वर, लग्नेही वरच जुळतात. आणि अर्जावर मोजमापाचे चार रकाने होते: गल्ली, दरवाजा, दुकाने, शाळा. तिने चार भरले, कारण चारच छापले होते.

दुपारी कार्यालयात तिने हे कुंतलभाईंना सांगितले. कुंतलभाई तिचे वरिष्ठ; सज्जन, सावध, डब्यातले थेपले सगळ्यांना वाटून खाणारे. त्यांनी नकाशा बराच वेळ पाहिला.

“चाचणीपुरता, चोवीस तास, कोन बदलायचा अधिकार तुम्हाला आहे. पुढे तो तसाच ठेवायचा तर बंद झालेला अर्ज उघडावा लागेल. कारण काय लिहाल?”

“मी आगाशी मोजली नाही, हे.”

“मौलिकाबेन, ते तुमच्या नावाला चिकटेल. फेब्रुवारीत नेमणूक कायम व्हायची आहे तुमची. वर बसलेल्यांना उत्तरायण दिसत नाही, सरासरी दिसते. कोन वर केला की गल्लीतली सरासरी पडणार. सोळा तारखेनंतर बघू ना. दोन दिवसांचा तर प्रश्न आहे.”

मौलिकाने नकाशा आपल्याकडे वळवला. मग म्हणाली, “भाई, तुमची सासुरवाडी इथल्याच रायपूरच्या पोळमधली ना?”

“त्याचं काय?”

“तिथलाही अर्ज मीच बंद केलाय. तिथेही सात अंश.”

कुंतलभाईंनी हातातला थेपला डब्यात परत ठेवला. “गेल्या वर्षी सासऱ्यांनी भर आगाशीवर विचारलं होतं मला. जावईबापू, तुमची कंपनी कितव्या मजल्यापर्यंत चालते?”

दोघेही हसले. मग ते गंभीर झाले. “चाचणी करा. पण अर्ज उघडलात तर सही तुमची एकटीची असेल. मी अडवणार नाही आणि पुढेही येणार नाही. आधीच सांगून ठेवतो.”

“चालेल,” ती म्हणाली; पण चालेल की नाही हे तिला त्या क्षणी ठाऊक नव्हते. वडिलांचे पाय अधू झाल्यापासून घर तिच्याच नोकरीवर होते.

शनिवारी सकाळी पाणी भरून झाल्यावर ती लॅपटॉप घेऊन जसवंतकाकांच्या आगाशीवर बसली. आकाशात सरावाचे पतंग आलेच होते. तिने साताच्या जागी तीन लिहिले आणि कळ दाबली. गोदामावर काहीही घडल्याचे दिसले नाही. अँटिनाच्या पोटातली लहानशी मोटर फिरली असेल तेवढीच. त्यावर बसलेल्या दोन कबुतरांनी मानही वळवली नाही. मग तिने चार फोनांकडे पाहिले. दोनशे तीस. दोनशे चाळीस. दोनशे छत्तीस. दोनशे बेचाळीस.

“काका! वर या!”

काका आले ते एक पतंग काखेत मारूनच. कन्नी त्यांनी जिन्यातच घाईघाईने बांधली होती. काकींनी फोन कठड्यावर लोणच्याच्या बरणीला टेकवून उभा केला, आणि रमणीककाका माकडटोपीसकट आगाशीवर हजर झाले.

“अरे, ही तर माझी टाकी! कोणी हिरवी रंगवली?”

“तुझ्या भाडेकरूने. टाकी सोड, वारा बघ!”

“ते धुराडं दाखव... नाही, डावीकडचं. धूर वळतोय बघ. ईशान्येचा आहे. मौलू, फिरकी तू धर. सैल धर, पोरी, ती काय पळून जाते? जशा, ढील दे!”

काकांनी ढील दिली. पतंग समोरच्या कौलांवरून उचलला गेला, डुलला, आणि दोऱ्याला ताण येताच काकांच्या खांद्यांतली दहा वर्षे गळून पडली. तिसऱ्या आगाशीवरून एक पिवळा पतंग तिरका अंगावर आला.

“खेचू नको! खेचू नको, जशा!”

“खेचत नाहीये!”

“खेचतोयस! मला दिसतंय! आता... आता ढील, ढील, दे, दे...”

पिवळा पतंग एकदम हलका झाला आणि गिरक्या घेत चबुतऱ्याकडे निघाला.

“काऽय पो छे!” ब्रॅम्प्टनहून पतंग कापल्याची आरोळी आली. तिच्यामागे सुनेचा आवाजही आला, “पप्पा, बाळ झोपलंय!” इकडे हंसाकाकी थाळी बडवत होत्या आणि पलीकडच्या आगाशीवरून कोणीतरी ओरडत होते, “ही लबाडी आहे! दोन माणसं मिळून उडवतायत!”

“दोन देश म्हणा!” काकी ओरडल्या.

मौलिका हसत हसत खाली उतरली, कारण तिला अजून अर्धे काम उरले होते. पिशवी पाठीला लावून ती पूर्ण गल्ली चालली. दरवाजा, दुकाने, शाळा. दोनशे नव्वद. चारशे बाराचे दोनशे नव्वद झाले होते. पानवाल्याच्या दुकानात दोघे क्रिकेटचा सामना पाहत उभे होते. तिने विचारले, “आज काही अडकतंय का?” त्यांनी वर न पाहताच सांगितले, “सरका जरा बेन, उजेड अडतोय.”

ती परत वर आली. कठड्याच्या सावलीत बसून तिने एकोणीस डिसेंबरचा अर्ज उघडला. अर्ज विचारीत होता: पुन्हा उघडण्याचे कारण? ‘तांत्रिक सुधारणा’ असे दोन शब्द लिहिले असते तर कोणी काही विचारले नसते, आणि रायपूरच्या, सारंगपूरच्या, दरियापूरच्या आगाशा तशाच अंधारात राहिल्या असत्या.

तिने लिहिले: ‘मोजमाप करताना मी आगाशा मोजल्या नाहीत. चूक माझी. या भागात वर्षातून निदान दोन दिवस सर्व ग्राहक आगाशीवर असतात. मी बंद केलेल्या इतर तीन अर्जांतही हीच चूक आहे. तेही उघडत आहे.’ गल्लीचा आकडा चारशे बारावरून दोनशे नव्वदवर आल्याचेही तिने लपवले नाही. मग चार रकान्यांखाली पाचवा रकाना वाढवला, त्याला ‘आगाशी’ असे नाव दिले आणि समोर दोनशे सदतीस हा आकडा भरला. खाली आपले पूर्ण नाव घातले आणि अर्ज पाठवून दिला.

“मौलू,” काका म्हणाले, “उरलेल्या एकोणचाळीस पतंगांना कन्न्या बांधायच्यात. बसतेस?”

तिने लॅपटॉप मिटला, पिशवीत ठेवला आणि दोऱ्याचे टोक शोधू लागली.