तीस मिलिमीटरचे चाक

सकाळी सहा वाजून पाच मिनिटांनी मी एक चुकीचा आकडा दाखवला. तो खरा धरून सहा पंचविसाला गाडी सुटली.

मित्रांनो, मी रेल्वेच्या शेडमधला चाके मोजणारा जुना कॅमेरा आहे. मी चाकावर लाल उजेडाची बारीक रेघ टाकतो. ती कुठे किती वाकते, यावरून चाकाची कड किती झिजली ते कळते. ही कडच चाकाला रुळावर धरून ठेवते. या शेडमध्ये तिची जाडी अठ्ठावीस मिलिमीटरच्या खाली गेली की चाक बाद.

नवा होतो तेव्हा मला बघायला सगळी शेड लोटली होती. आता माझ्या पेटीची कडी तुटली आहे. खोड मात्र पहिल्यापासून एकच. चकचकीत धातूने माझे डोळे दिपतात, रेघ विखुरते आणि मी भलतेच वाचतो. म्हणून इथल्या फिटरबाई मोजण्याआधी खडूच्या भुकटीची पुरचुंडी चाकावर थोपटतात. त्यांना सगळे पावडरकाकू म्हणतात.

आज नऊ वाजता मोठे अधिकारी शेवटच्या स्टेशनावर या गाडीची पाहणी करणार होते. सुपरवायझरसाहेबांनी चाके लखलखीत पुसून घेतली आणि काकूंची वाट न पाहता मला स्वतःच उचलले.

पावणेसातला काकू आल्या. त्यांनी माझे आकडे वहीतल्या मागच्या आकड्यांशी ताडून पाहिले.

"साहेब, तिसऱ्या डब्याचं हे चाक गेल्या महिन्यात साडेअठ्ठावीस होतं. आज तीस?"

"मग चांगलंच आहे की."

"अहो, चाक झिजतं. बाळसं धरत नाही! भुकटी लावली होती का?"

"पाहुण्यांना पांढरे डाग दिसले असते, काकू." साहेबांचा आवाज उतरला. "गाडी तर गेली."

"फोन तुम्ही करता की मी करू?"

"सगळं माझ्यावर येईल."

"येऊ द्या. गाडीत माणसं आहेत."

साहेबांनी फोन केला. सात दहाला गाडी पुढच्या स्टेशनात थांबवली. हाताने मोजायचे माप घेऊन एक फिटर मोटारसायकलवरून तिकडे गेला.

काकूंनी माझी काच मऊ फडक्याने पुसली आणि पुरचुंडी माझ्याच पेटीत ठेवली. मित्रांनो, माझी काच जरूर जपा, पण माझा आकडाही मागच्या आकड्याशी ताडून पाहा. मी दिसते तेच सांगतो, आणि चकाकीत मला नीट दिसत नाही.

सात पन्नास झाले आहेत. साहेब फोनजवळ उभे आहेत. गाडी अजून सुटलेली नाही. त्या चाकाचा आकडा अजून आलेला नाही.