चढावर घरंगळणारी गाडी

रविवारी सकाळी गावाबाहेरच्या वळणाआधी दोरी बांधली होती आणि दोरीमागे माणसांची ही गर्दी. काही जण पंक्चरवाल्याच्या टायरांच्या ढिगावर चढून उभे होते. समोर एक पांढरी गाडी. इंजिन बंद, गिअर न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक खाली. पुढचा रस्ता चढत गेलेला कोणालाही दिसत होता. आत बसलेल्या चेल्याने दोन्ही हात खिडकीबाहेर काढून हलवून दाखवले.

आणि गाडी हलली. मागे नव्हे, पुढे. आधी मुंगीच्या पावलांनी, मग जरा ऐटीत, ती चक्क चढावर घरंगळत गेली.

"खेचतोय!" या वळणावरचे अपघात भूत घडवते असे सांगणारे ब्रेकबाबा माइकमध्ये गरजले. "वळणावर बसलाय तो, मंडळी! गाड्या गिळतो! कितीही ब्रेक दाबा, तुमचा ब्रेक लोखंडाचा, त्याची ओढ पाताळातली! माझा ब्रेक मात्र वरून लागतो!"

त्यांनी बोटाने आभाळ दाखवले. गर्दीने वर पाहिले. मीही पाहिले, हे कबूल करायला हवे.

मग बाबांनी 'कवच' काढले. कवच म्हणजे पितळेची एक चपटी पट्टी, वर काहीतरी अगम्य कोरलेले. ते सीटबेल्टच्या खाचेत खुपसायचे. "तुमची गाडी टिंग टिंग का करते? भीतीने! कवच घाला, टिंग टिंग बंद. गाडीचं भय गेलं! आणि पट्टा लावू नका. पट्टा म्हणजे बंधन. तुम्ही स्वतःला बांधून घेतलंत, तर ऐन वेळी मी तुम्हाला उचलू कसा?"

चेल्याने गाडी मागे आणली, कवच बसवले. टिंग टिंग थांबली. बाबांनी डोळे मिटून पुटपुटले. त्याच जागी, त्याच चढावर, गाडी जागच्या जागी उभी! शिट्ट्या वाजल्या. टायरांच्या ढिगावरून एक जण आनंदाने खाली पडला.

मी निवृत्त ग्रंथपाल. चार माणसांत बोलायचे म्हटले की माझी जीभ टाळूला चिकटते. अशा फसव्या चढांबद्दल मी कधीतरी वाचले होते, पण डोळ्यांदेखत गाडी वर जाताना पाहून वाटले, पुस्तक लिहिणाराच चुकला असेल. माझे स्वतःचे डोळे बाबांच्या बाजूने साक्ष देत होते. एरवी मी मुकाट्याने घरी गेलो असतो.

पण त्या दुपारी माझी मुलगी, जावई आणि पाच वर्षांची नात, आमची चिमणी, याच वळणावरून आपल्या घरी परतणार होती. जावई कारखान्यात शीतयंत्रे दुरुस्त करतो, हुशार आहे. तरी आदल्या दिवशी कवच घेऊन आला आणि चिमणीची पट्ट्याची छोटी खुर्ची काढून त्याने माझ्या माळ्यावर टाकली. त्यावरून घरात जुंपली. शेवटी मुलीने अट घातली होती, "उद्या डोळ्यांनी पाहू. खोटं ठरलं तर खुर्ची परत लागेल आणि तूही पट्टा लावशील. खरं ठरलं, तर तू आणि तुझा बाबा जा. आम्ही दोघी बसने येऊ."

आता जावई मिशीत हसत होता. "काय, नाना? पुस्तकात काय म्हणतात?"

"पुस्तकात," मी चाचरत म्हणालो, "म्हणतात की हा चढ नसावा. उतार असावा."

"असावा?"

"बहुधा."

"नाना," मुलगी वैतागली, "निदान आज तरी 'बहुधा' घरी ठेवायचं होतं!"

मी पाण्याची बाटली घेऊन दोरीखालून आत शिरलो आणि रस्त्यावर पाणी ओतले. पाणी उताराकडे जाते, हे शेंबडे पोरही मान्य करील. पाण्याचा ओघळ गाडी गेली होती त्याच दिशेने सुटला. म्हणजे उतार तिकडे! मी विजयाने मागे वळलो.

"पाहा!" बाबा ओरडले. "पाणीसुद्धा खेचतोय!"

गर्दीने माझ्यासाठीही शिट्ट्या मारल्या. बाबांच्या चमत्कारात मी फुकटची भर घातली होती.

मग मी पिशवीतून नळी काढली. चिमणीच्या माशांच्या टाकीचे पाणी बदलायची लांबलचक पारदर्शक नळी, आत शाई घातलेले पाणी. एक टोक मी चढाच्या पायथ्याशी धरले, दुसरे मुलीने वरच्या बाजूला. नळीच्या दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीवर राहते. रस्ता खरोखर चढत असेल, तर वरच्या टोकाला जमीन त्या पातळीच्या जवळ यायला हवी. माझ्याकडे पाणी गुडघ्यापाशी होते. मुलीकडे ते मांडीपर्यंत आले. म्हणजे तिच्या पायाखालची जमीन माझ्यापेक्षा खाली होती.

"तेही त्यानेच वर खेचलं!" बाबा म्हणाले.

भुताची हीच मोठी सोय. काहीही घडले तरी ते त्यानेच केलेले असते.

मी पुरता गळाठलो. पण मुलीने नळी माझ्या हातात कोंबली आणि बाबांसमोर जाऊन उभी राहिली. "ओढ राहू द्या, महाराज. कवच घातलं की गाडी थांबते, असं तुम्ही म्हणता ना?"

"म्हणतो काय, दाखवलं!"

"पहिल्या खेपेला तुमच्या माणसाचे दोन्ही हात खिडकीबाहेर होते. दुसऱ्या खेपेला एकही नव्हता. आमच्या गाडीत कवच आहे. मी बसते, हात बाहेर ठेवते."

चेला बाबांकडे पाहू लागला. बाबा आभाळाकडे पाहू लागले.

जावयाची गाडी त्याच जागी आणली. कवच खाचेत, इंजिन बंद, न्यूट्रल. मुलीने हँडब्रेक खाली केला आणि दोन्ही हात खिडकीतून बाहेर काढले. गाडी खुशाल घरंगळत निघाली. थोडे अंतर गेल्यावर तिने ब्रेक दाबला. साध्या, लोखंडी ब्रेकने गाडी थांबली.

"बाईंचा विश्वास कमी पडला," बाबा म्हणाले.

"मग विश्वासवाल्याला बसवू," मुलगी म्हणाली. "ये रे."

जावई बसला. तो तर कालपासून विश्वासाने नुसता ओथंबत होता. गाडी त्यालाही घेऊन घरंगळली. तो उतरला तेव्हा मिशीतले हसू गेले होते.

"मग थांबली कशी होती ती?" पंक्चरवाल्याने विचारले.

"हँडब्रेक ओढून," मुलगी म्हणाली. "दुसरं काय?"

आता सगळे माझ्याकडे बघायला लागले. पळायला जागा नव्हती. मी सांगितले ते असे. रस्त्याकडेची लांब भिंत तिरकी बांधली आहे. झाडे वाऱ्याने एका बाजूला कलली आहेत. मागच्या टेकडीमुळे क्षितिज दिसत नाही. सरळ काय ते ठरवायला डोळ्यांना काही उरतच नाही, म्हणून ते तिरक्या भिंतीला सरळ मानतात आणि उताराला चढ. चालकही तेच करतो. चढ आला म्हणून अॅक्सिलरेटर दाबतो. खरे तर उतार असतो, गाडी आधीच वेग घेत असते. आणि समोर वळण. खेचणारा कोणी नाही. वेग आपणच वाढवतो.

"पण इथे इतकी माणसं मेली, ती काय डोळ्यांच्या चुकीने?" टायरांवरून कोणी तरी विचारले.

"चूक तर सगळ्यांचीच होते," मी म्हणालो. "मेलेल्यांत मिठाईवाल्याचा मेहुणा होता. तो फोनवर बोलत होता. लग्नाहून परतणारा टेम्पो होता, त्याचा चालक दोन रात्री झोपला नव्हता. तो पिऊन चालवणारा तर सगळ्यांना ठाऊक आहे. मग या भुताची आवड मोठी विचित्र म्हणायची. प्यालेले, पेंगणारे, फोनवाले, भरधाव सुटलेले, नेमके तेवढेच त्याला रुचतात. ड्रायव्हिंग स्कूलची गाडी इथून रोज जाते. ती बाकी सगळीकडे आपटते, पण इथे तिला काही होत नाही. का? हळू जाते म्हणून."

गर्दी हसली. मी आयुष्यात प्रथमच गर्दीला हसवले होते. घाबरून मी नळी गुंडाळायला लागलो.

"ते सगळं ठीक, नाना," जावई हळूच म्हणाला. "चढाचं पटलं. पण पट्ट्याचं काय? गाडी पेटली, पाण्यात पडली, तर माणूस अडकतो. तेवढं तर बाबा बरोबर सांगतात."

मी म्हणालो की असे फार क्वचित होते. गाडी आपटली की थांबते, पण आतला माणूस त्याच वेगाने पुढे जात राहतो, काचेपर्यंत किंवा काचेपार. पट्टा त्याला धरतो. तो शुद्धीवर राहिला, तरच दार उघडून बाहेर पडेल ना? पण त्याच्या चेहऱ्यावरून कळले की हे त्याने फक्त ऐकून घेतले. माझ्या बोलण्यात तेवढा जोर कधीच नसतो.

इकडे बाबांनी आवरते घेतले होते. माइक गेला, कवचांची पेटी गेली, दोरी गेली. चेला चालकाच्या जागी बसला, बाबा मागच्या सीटवर टेकले. चिमणी त्यांच्या गाडीच्या खिडकीशी उभी राहून आत डोकावत होती.

"बाबा!" ती आपल्या वडिलांकडे पाहून किंचाळली. "त्यांनी पट्टा लावला!"

जावई पुढे झाला. मागोमाग पंक्चरवाला, आणि टायरांवरची सगळी मंडळी. काचेच्या आत ब्रेकबाबा ऐटीत बसले होते आणि छातीवरून पोटावर एक काळा पट्टा नीट आवळलेला होता.

"महाराज!" पंक्चरवाल्याने काचेवर टकटक केली. "बांधून घेतलंत, आता वरून उचलायचं कसं?"

बाबांनी अर्धवट उघडी काच पूर्ण वर केली. गाडी निघाली, तीही अगदी सावकाश.

घरी येऊन जावई शिडीवर चढला, माळ्यावरून चिमणीची खुर्ची काढली आणि मागच्या सीटवर ती पक्की बसते की नाही, ते स्वतः दोनदा हलवून पाहिले. दुपारी ते निघाले. संध्याकाळी मुलीचा फोन आला, घरी पोहोचल्यावर, गाडीतून नव्हे.

मला फार काही कळते असा माझा दावा नाही. कदाचित नळीत माझ्याकडून शाई जास्त पडली असेल. पण वाचकहो, एवढे मात्र खात्रीने सांगतो. झोप येत असेल तर गाडी कडेला घ्या. प्यायला असाल तर किल्ली दुसऱ्याकडे द्या. फोन वाट पाहू शकतो. मुलांना मागे बसवा, पट्ट्यात बसवा. आणि कुठल्याही वळणाने ओढल्यासारखे वाटले, तर भूत शोधायला बाहेर बघू नका. ते तुमच्या उजव्या पावलाखाली आहे. पाऊल उचला.