घरातले सगळे स्ट्रॉ फेकले तरी

नवऱ्याची अक्कलदाढ काढून तिसरा दिवस होता. डॉक्टरांनी बजावलं होतं, "मऊ खा, पण चमच्याने. स्ट्रॉ अजिबात नको. तोंडाने ओढलंत की खळग्यात साकळलेलं रक्त निघून येईल, मग ठणका काय असतो ते कळेल." मी घरातले सगळे स्ट्रॉ फेकले. अंगात ताकद राहावी म्हणून अंडी, बटाटा, केळं, सगळं कुस्करून देत होते. हे चिडायचे, "मी काय तान्हं बाळ आहे?"

दुपारी डबा घेऊन ह्यांच्या गॅरेजवर गेले. आमचे मेकॅनिकसाहेब गाडीपाशी उकिडवे बसले होते. रबरी नळीचं एक टोक पेट्रोलच्या टाकीत, दुसरं तोंडात.

"अहो, ओढू नका!" मी किंचाळले.

तोवर गाल आत गेले होते. नळीतून पेट्रोल धो धो कॅनमध्ये पडू लागलं. हे थुंकले आणि माझ्यावरच उखडले, "स्ट्रॉने प्यायचं नाही म्हणालेत. मी काय पेट्रोल पितोय?"

मी नुसतं जमिनीकडे बोट दाखवलं. थुंकी लालभडक होती.

ह्यांचा चेहरा उतरला. गालावर हात दाबून हळूच म्हणाले, "डॉक्टरांना फोन लाव. पण पेट्रोलचं काढू नकोस. बायकोने स्ट्रॉ दिला म्हणून सांग."