चार तारांची

मित्रांनो, आधी माझ्या तारा मोजून घ्या. लाजू नका, सगळेच मोजतात. एक, दोन, तीन, चार. झालं? आता वर माझ्या डोक्याकडे बघा. तिथे दोन रिकामी भोकं आहेत. ती दिसली की लोक हळहळतात, "अरेरे, दोन तारा गेल्या बिचारीच्या!"

मी एक जुनी बेस गिटार आहे. माझं काही गेलेलं नाही. मी जन्माचीच चार तारांची.

कलकत्त्याच्या एका कारागिराने मला तुनीच्या लाकडातून घडवलं. जाडजूड चार तारा ओढल्या आणि अंगठ्याने एक छेडून तो म्हणाला, "तू गाण्याच्या पायाशी बस. वर नाचायला बाकीचे आहेत." ते मला मनापासून पटलं. पुढे एका ऑर्केस्ट्राबरोबर मी गावोगाव हिंडले. सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेत त्या मंडळींचं आपसात भांडण झालं, ऑर्केस्ट्रा मोडला आणि आम्ही सगळी वाद्यं सात रस्त्याजवळच्या सिद्धप्पांच्या दुकानात येऊन पडलो.

सिद्धप्पा भला माणूस. पेटीचा सूर डोळे मिटून लावायचे, ढोलकीची शाई बोटाने चाचपून तिचा दोष सांगायचे. पण माझ्यासारखं वाद्य त्यांनी पाहिलेलं नव्हतं. गिऱ्हाईक यायचं, शेजारच्या सहा तारांच्या गिटारीकडे बघायचं, मग माझ्याकडे.

"अण्णा, ही मोडकी हाय व्हय?"

"मोडकी न्हाय. दोन तारा तुटल्यात. बसवतो की!"

आमचं सोलापूर पडलं सूत मोजणारं गाव. चादरीत दोन धागे कमी निघाले तर माल परत येतो. मग गिटारीत दोन तारा कमी कशा चालतील? एका दुपारी सिद्धप्पांनी गिरमिट घेतलं आणि माझ्या डोक्याला दोन भोकं पाडली. खुंट्या ठोकल्या, दोन तारा ओढल्या. पण माझ्या अरुंद गळ्यावर सहा जणींना जागा कुठली? एकीला दुसरी घासायची आणि मी बोलायच्या ऐवजी खरखरायची. "अय्यो," सिद्धप्पा म्हणाले. त्यांनी तारा काढल्या, खुंट्या उपटल्या आणि मला कोपऱ्यात टेकवून ठेवलं. भोकं राहिली. दोन वर्षं त्यांत धूळ बसत होती.

मग एक दिवस धोंडिराम आला. मिलमध्ये साच्यावर, म्हणजे विजेच्या मागावर कामाला, आणि गल्लीच्या गायन पार्टीत बुलबुलतरंग वाजवणारा. त्याची बायको चांगुणा गायची, हा तिला साथ करायचा. पण वर्षापूर्वी साच्यात हात गेला आणि डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट तुटलं. तेव्हापासून गाणं पुढे पळायचं, बोटं मागे राहायची. त्याने वाजवणं सोडलं, तसं चांगुणानेही गाणं सोडलं. पार्टीवाल्यांनी दुसरा वाजवणारा आणला, तर ती म्हणाली, "हे बसतील शेजारी, तवाच मी गाईन." आपला हात गेला, त्यात तिचा गळाही गेला, हे धोंडिरामला हातापेक्षा जास्त दुखत होतं. पार्टी दरवर्षी जिथे गायची, ती जयंती पंधरा दिवसांवर आली होती.

त्याने काखेतला बुलबुलतरंग फळीवर ठेवला.

"अण्णा, हे घ्या. ह्याच्या बदल्यात दोन बोटांनी वाजंल असं कायतरी द्या."

सिद्धप्पांनी सहा तारांची गिटार दिली. धोंडिरामने दोन बोटं ताणून ताणून बघितली. तिला एका वेळी तीन-चार ठिकाणी दाबायला बोटं हवी होती. त्याने ती खाली ठेवली.

"ती कोपऱ्यातली?"

"ती सोडा हो. दोन तारा न्हाईत तिला."

"मलाबी दोन न्हाईत," धोंडिराम म्हणाला आणि त्याने मला उचललं.

एक बोट टेकवलं, उजव्या अंगठ्याने छेडलं. एक सूर. बोट सरकवलं. दुसरा सूर. मित्रांनो, माझं काम एका वेळी एकाच सुराचं. त्याला दोन बोटं पुरतात, वर अंगठाही असतो. मग धोंडिरामने फडक्याने माझ्या भोकांतली धूळ पुसली.

घरी मात्र माझं स्वागत काही धड झालं नाही.

"सोन्यासारखं वाद्य देऊन हे लाकूड आणलंत? तेबी तुटक्या तारांचं?" चांगुणा म्हणाली. "आन् ह्याला आवाज कुटं हाय?"

खरंच होतं ते. मी विजेवर बोलणारी. विजेवाचून माझा आवाज हातभरही जात नाही. धोंडिराम रोज पाळी संपवून ओट्यावर बसायचा आणि आत तिला कणभर ऐकू यायचं नाही. ढोलकीवाला त्रिंबक येऊन टोमणा मारून जायचा, "धोंडिबा, वाजवतोयस का खाजवतोयस?"

जयंती चार दिवसांवर आली. त्या दिवशी चांगुणा आत उखळात शेंगाची चटणी कुटत होती. धोंडिराम दमून दाराला टेकला, आणि माझं डोकंही दाराच्या फळीला टेकलं. त्याने जाडी तार छेडली.

दार घुमलं.

साध्या जांभळाच्या लाकडाचं दार, पण माझा सूर त्यात उतरला आणि सगळं दार गुणगुणू लागलं. आतलं मुसळ थांबलं. धोंडिरामने हात थांबवला नाही. थोड्या वेळाने मुसळ पुन्हा पडू लागलं, पण आता आमच्या सुराच्या चालीने. आणि मग वर्षभर मिटलेला गळा उघडला:

"तुटलं सूत मागावरी, गाठ मारिली सख्यानं,
गाठीचं बाई लुगडं, नेसले मी सुखानं."

धोंडिरामचा अंगठा अडखळला. दार उघडलं. चांगुणाच्या हाताला तिखट लागलेलं, डोळ्यांत पाणी. ते तिखटाचं होतं असं ती पुढे कायम म्हणायची.

"थांबलात का? वाजवा की!"

जयंतीच्या दिवशी रेडिओ दुरुस्त करणाऱ्याने मला कर्ण्याला जोडलं. पहिल्याच सुराला त्रिंबक दचकला. "आयला, मंडपाखाली बैल हंबरला जणू!" लोक हसले. तेवढ्यात पुढून कुणी ओरडलं, "ओ, दोन तारा तुटल्यात की तुमच्या!"

धोंडिरामने डावा हात शर्टाआड ओढला. नेहमीच तसं करायचा. चांगुणाने ते पाहिलं आणि माईक जवळ घेतला.

"तुटल्या न्हाईत, दादा. तेवढ्याच हायत. आन् तेवढ्याच लागत्यात."

हात हळूच बाहेर आला. ती गायली, आणि मी तिच्या गाण्याच्या पायाशी बसले.

पुढे सिद्धप्पा स्वतः घरी आले. "माझीच चूक झाली, भोकं बुजवून देतो," म्हणाले. धोंडिरामने नको म्हटलं. आता चांगुणा त्यांत तिच्या शिवणाच्या सुया टोचलेली चिंधी खोवून ठेवते.

मित्रांनो, माझ्या तारा आता गंजू लागल्यात. वाजवून झाल्यावर घाम कोरड्या फडक्याने पुसलात, तर माझ्यासारख्या गिटारी पुष्कळ दिवस बोलतील. आणि कोपऱ्यात पडलेलं कुणी दिसलं तर खुशाल मोजा, पण मोजून झाल्यावर एकदा छेडूनही बघा. आवाज आला नाही तर दाराला टेकवून बघा. पलीकडे कुणीतरी हातातलं मुसळ थांबवून ऐकत असेल.